टोपड्याचे माप

बँकेत कर्ज मंजूर करणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे त्यानंतरचे. म्हशीसाठी रक्कम दिली असेल तर गोठ्यात म्हैस आहे काय, तिच्या कानात विम्याचा बिल्ला आहे काय, हे स्वतः जाऊन पाहावे लागते. चौतीस वर्षांच्या नोकरीत अशा पाहण्या मी शेकड्याने केल्या. कधी म्हैस शेजाऱ्याची निघाली, कधी बिल्ला होता आणि म्हैस नव्हती. निवृत्तीनंतर समाजाच्या कामात हात घातला तेव्हा ध्यानात आले, की दानाच्या बाबतीत आपण सगळे मंजुरीपाशीच थांबतो. वस्तू दिली, छायाचित्र निघाले, पावती फाटली, खाते बंद.

मागील हिवाळ्यात अमरावतीच्या आमच्या महिला मंडळाने मेळघाटातील नवजात बालकांसाठी हाताने विणलेली १४० टोपडी पाठविली होती. यंदा २१० तयार झाली. ती खोक्यांत भरण्याचे काम चालले असताना आमची सौ. म्हणाली, "अहो, परक्याची म्हैस पाहायला कोसभर चिखल तुडवत जात होतात. आपली टोपडी कुणाच्या डोक्यावर आहेत, ते पाहायला नको का?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे निघालो.

या टोपड्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. चातुर्मासात दुपारचा स्वाध्याय आटोपला, की पंधरा-वीस जणी मंदिराच्या सभागृहात सुया काढून बसतात. लोकर येते लुधियानाची. गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर 'वर्धमान' किंवा 'ओसवाल' ही अक्षरे असतात. हे दोन्ही उद्योग जैन घराण्यांनीच उभारलेले आहेत. आमच्या मंडळातील एक आजीबाई ती 'वर्धमान' लिहिलेली पट्टी कधी फाडत नाहीत; हलकेच सोडवून पोथीत खूण म्हणून घालतात. आपण तिला लोकर म्हणतो, जुन्या दुकानांत 'कॅशमिलॉन' म्हणतात. परंतु मेंढीशी तिचा काडीचा संबंध नाही. ते ॲक्रिलिक, खनिज तेलापासून काढलेला धागा. स्वस्त, रंगांना तोटा नाही, धुण्यास सोपा, कसर लागण्याची भीती नाही. शिवाय कोणत्याही प्राण्याच्या अंगावरून काही घेतलेले नाही, म्हणून आम्हां मंडळींना तो अधिकच निर्धोक वाटत आला. एका टोपड्यास पंचवीस ग्रॅमच्या आत-बाहेर धागा लागतो. दहा नंबरच्या सुया, दोन सुलट दोन उलट, कडेला एक पिवळी ओळ, हनुवटीखाली बांधण्यास नाडी आणि शेंड्यावर गोंडा. पिवळी ओळ ही सौ.ची खूण. ती लहानपणापासून जे काही विणते त्यात एक पिवळी ओळ असतेच.

अमरावतीहून परतवाडा सुमारे पन्नास किलोमीटर. वाटेत संत्र्यांच्या बागा लागतात. परतवाड्याला खेटून अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर. वऱ्हाडच्या इमादशाहीची ही राजधानी. ईल नावाच्या जैन राजाने ते वसविले अशी परंपरा आपल्या समाजात सांगितली जाते. आज गावातून जाताना पडक्या वेशी आणि रहदारी एवढेच दिसते. परतवाडा हे लाकडाच्या व्यापाराचे गाव. डोंगरातून उतरलेला माणूस इथे प्रथम बाजार पाहतो आणि डोंगरात चढणारा इथे शेवटचे सामान घेतो. आम्ही केळी, खडीसाखर आणि ड्रायव्हरच्या सल्ल्यावरून एक जादा पाण्याचा कॅन घेतला.

पुढे सातपुड्याची गाविलगड रांग. धारणीच्या रस्त्याला लागले की घाट सुरू होतो आणि दोन्ही बाजूंनी साग चालू लागतो. जानेवारीत सागाची पाने तांबूस होऊन गळू लागलेली असतात. वाऱ्याची झुळूक आली की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. आम्हांला वाघ दिसला नाही, आणि खरे सांगायचे तर सौ.ने दिसू नये म्हणून णमोकार सुरू केला होता. सेमाडोहला सिपना नदी भेटते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी किंवा गोंडीशी तिचे नाते नाही. त्यामुळे अमरावती जिल्ह्यातच राहून आम्ही दोघे तासाभरात परभाषेच्या मुलुखात येऊन पोहोचलो होतो. भ्रमणध्वनीची रेघही गेली.

हरिसालच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत गेलो. आमच्या मागील वर्षीच्या खोक्यांपैकी एक ज्या आरोग्य उपकेंद्रात गेले होते, ते या बाजूस होते. गावाचे नाव लिहीत नाही. कोरकू गावाची ठेवण पाहण्यासारखी असते : मधे रुंद, झाडून लख्ख केलेला रस्ता, दोन्ही बाजूंस समोरासमोर घरांच्या सरळ रांगा, बांबूच्या कुडाला मातीचा लेप, वर कौले. आमच्या शहरातील नव्या वसाहतींना इतकी शिस्त नाही. दुपारी बारालाही सावलीत गारवा होता. रात्री शेकोटीशिवाय निभाव लागत नसणार, हे घराघराच्या दाराशी पडलेल्या राखेवरून कळत होते.

उपकेंद्रातील परिचारिका तिशीच्या. त्यांनी चहा विचारला, आम्ही पाणी घेतले. खोके उघडून सौ.ने मोठ्या हौसेने वरची चार-पाच टोपडी टेबलावर मांडली. ताईंनी एक उचलले, आतून बाहेरून पाहिले, बोटे घालून ताणले.

"काकू, राग मानू नका," त्या म्हणाल्या आणि कपाटातून पत्र्याचा एक डबा काढून त्यांनी झाकण उघडले. आत गोंडे होते. तांबडे, निळे, पोपटी. बोरांनी भरलेल्या टोपलीसारखे. बाजूला नाड्यांची गुंडाळी.

"गोंडा आठवड्यात सुटतो, धागे बाळाच्या तोंडात जातात. नाडी झोपेत गळ्याशी आवळते. म्हणून मी दोन्ही कापते आणि मगच टोपडं देते. टाकून देववलं नाही, एवढ्या मेहनतीनं केलेले असतात. ठेवलेत."

सौ. काही बोलली नाही. मंडळात गोंडा करण्याचे काम नव्याने शिकणाऱ्या मुलींना दिले जाते. त्याच्या जोरावर त्यांचा उत्साह टिकतो. मी मनातल्या मनात हिशेब केला. १४० गोंडे, प्रत्येकी निदान वीस मिनिटे.

ताईंनी मग मोजपट्टी काढली. ज्या माहितीसाठी आम्ही गेलो होतो ती खरी इथे मिळाली, म्हणून विस्ताराने लिहितो. पूर्ण दिवसांच्या धष्टपुष्ट बाळाच्या डोक्याचा घेर ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ ते कमी वजनाचे, आणि या भागात अशी बाळे बरीच. दोन किलोच्या बाळाचे डोके ३०-३१ सेंटिमीटरच भरते. आमच्या बायकांनी माप घेतले होते ते शहरातील आपापल्या नातवंडांचे, तेही दोन-तीन महिन्यांच्या. त्यामुळे टोपडे डोळ्यांवर येई, कधी नाकावर. आई घाबरून काढून ठेवी. नवजात बाळाच्या अंगाच्या एकूण पृष्ठभागाचा सुमारे पाचवा हिस्सा डोक्याचा असतो. मोठ्या माणसाचे तसे नसते. उघड्या डोक्यातून बाळाची ऊब वेगाने निघून जाते. शरीराचे तापमान ३६.५ सेल्सियसच्या खाली उतरले की ते दूध ओढीनासे होते, दूध नाही म्हणून आणखी गार पडते.

कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झाली. तेथील इस्पितळात उबेच्या पेट्या अपुऱ्या होत्या, म्हणून आईलाच पेटी केले. आज ही पद्धत जगभर वापरतात. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच शिकवलेल्या स्त्रियांच्या हातून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले. त्याचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळाच्या अंगावर तीनच वस्तू असतात : लंगोट, पायमोजे, टोपडे. झबले नको, स्वेटर नको. म्हणजे आमचे टोपडे हे भेटवस्तूंच्या यादीतले नव्हतेच. ते औषधाच्या यादीतले होते, आणि औषधाचे माप आम्ही अंदाजाने घेतले होते.

नंतर ताई आम्हांला गावात घेऊन गेल्या. पाच घरे पाहिली. एका घरी टोपडे अंगणात दोरीवर वाळत होते, दुसऱ्या घरी तीन वर्षांच्या मुलाने घातले होते आणि त्याला ते नेमके बसले होते. सौ. हसली. चौथ्या घरी पंचविशीतली एक बाई दारात बसून तूर निवडत होती. तिला सातवा महिना होता. ताईंनी कोरकूत काही विचारले. ती उठून आत गेली, पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि तिने लुगड्याच्या घडीत जपून ठेवलेले टोपडे बाहेर आणले. फिकट निळे, कडेला पिवळी ओळ. कोरे होते.

मागील जानेवारीत झालेले तिचे बाळ अकरा दिवसांचे होऊन गेले होते. वजन एक किलो आठशे. ताईंनी आम्हांला हळू आवाजात सांगितले, की बाळ अशक्त होते, श्वासाचा त्रास होता, तालुक्याला न्यायला उशीर झाला; टोपडे बसले असते तरी ते वाचले असते असे कोणी म्हणू शकत नाही. मोठेपणा होता त्यांचा. मी इतकेच विचारले, की टोपडे घातले होते काय. घातले होते. नाकावर घसरले म्हणून आजीने काढले आणि बाळाला शेकोटीजवळ घेऊन बसली.

सौ. त्या बाईसमोर जमिनीवर बसली. पिशवीतून सुया आणि कात्री काढली आणि ताईंना म्हणाली, "तिला सांगा, हे मला द्या. उसवून याच धाग्याचं लहान करून देते, येणाऱ्या बाळासाठी." ताईंनी सांगितले. त्या बाईने मान हलवली, टोपडे सौ.च्या हातून घेतले, घडी घातली आणि परत पेटीत ठेवले. मग बाहेर येऊन पुन्हा तूर निवडू लागली.

परतीच्या रस्त्यावर सेमाडोहपर्यंत आम्ही बोललो नाही. नंतर सौ.ने एकच प्रश्न केला, "शेकोटीजवळ आपला धागा चालतो का हो?" मला ठाऊक नव्हते. परतवाड्याला चहाच्या टपरीवर काडेपेटी मागितली आणि एक धागा पेटवून पाहिला. वाचकांपैकी कापड दुकानदारांना ही परीक्षा नवी नाही, पण मी आयुष्यभर कागद तपासले, धागा कधी तपासला नव्हता. ॲक्रिलिक भडकून पेटले, वितळले, काळा थेंब झाला आणि कडक खड्यासारखे घट्ट झाले. सौ.च्या अंगावर खरी लोकरीची शाल होती. तिच्या दशीतला एक धागा काढला. तो जळक्या केसासारखा वास देत करपला आणि ज्योत दूर करताच आपोआप विझला. टपरीवाला आमच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहत होता.

मुक्काम मुक्तागिरीला. परतवाड्याहून बैतूलच्या दिशेने गेले की थोड्याच अंतरावर हे सिद्धक्षेत्र. राज्याची हद्द ओलांडून मध्यप्रदेशात येते. ५२ जिनमंदिरे डोंगराच्या कुशीत पायऱ्यापायऱ्यांनी वसलेली, मधून धबधबा. जानेवारीत त्याची बारीकशी धार राहिलेली असते. साडेतीन कोटी मुनी येथून मोक्षास गेले म्हणून आपण वंदनेला जातो. परंतु क्षेत्राचे दुसरे नाव मेंढागिरी, आणि ते का पडले ही कथा आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकून विसरलेली असते. मुनिराज ध्यानस्थ होते. कड्यावरून एक मेंढा खाली कोसळला आणि त्यांच्यापुढे तडफडत पडला. मुनींनी त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला. मेंढा शांतपणे मरण पावला आणि देवगतीस गेला. पुढे कृतज्ञतेने तो परत आला, आणि अष्टमी, चतुर्दशी व पौर्णिमेस येथे केशराची वृष्टी होते, अशी श्रद्धा आहे.

मी यापूर्वी चार वेळा तेथे गेलो होतो. मेंढ्याचा विचार या खेपेस प्रथम केला. खरी लोकर वापरायची तर ती मेंढीची, आणि मंडळात प्रश्न उठणार हे उघड होते. रात्री धर्मशाळेत आम्ही यावर बोलत बसलो. कातरण्याने मेंढी मरत नाही, हे खरे; पण प्रत्येक ठिकाणी ते काम दयेने होते, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, हेही खरे. श्वेतांबर साधूंचे रजोहरण लोकरीचे असते, सामायिकाचे कटासन लोकरीचे असते. आपल्या दिगंबर परंपरेत पिंछी मोरपिसांची, तीही मोराने आपणहून टाकलेल्या पिसांची. दोन्हीकडे जीवरक्षा हाच हेतू. सौ. म्हणाली, "ते सगळं ठीक. पण शेकोटीजवळचं बाळ हाही जीवच ना?" धनगरांची दख्खनी लोकर घ्यावी असे मला सुचले, ती घोंगडीला उत्तम, पण इतकी राठ की तान्ह्याच्या कपाळाला लावता येणार नाही. सुती धागा घ्यावा तर तो ओला झाला की गार पडतो. शेवटी मऊ, धुतलेली मेंढीची लोकर ठरली. माझे मन पूर्णपणे निवलेले नाही. तेथे ठरले ते येथे लिहिले.

पुरुषार्थसिद्ध्युपाय मी निवृत्तीनंतर प्रथम वाचला. त्यात दात्याचे गुण सांगितले आहेत, आणि आपल्याकडे श्रावकाच्या सात गुणांत श्रद्धा, भक्ती, क्षमा यांच्याबरोबर 'विज्ञान' हाही एक गुण मोजला जातो : पात्राला काय हितकर आणि काय अपायकारक, याची जाण. स्वाध्यायात हा शब्द आम्ही अनेकदा वाचला आणि पुढच्या शब्दावर गेलो. त्या रात्री सौ.ने तो उच्चारला आणि डब्यातल्या गोंड्यांची आठवण काढली.

अमरावतीला परतल्यावर मंडळाची सभा झाली. ती सुरळीत झाली असे म्हणणार नाही. लोकर महाग, म्हणून तेवढ्याच पैशांत २१० ऐवजी ८० टोपडी होतील, हे ऐकून एक विश्वस्त म्हणाले, की आकडा कमी झाला तर अहवालात काय लिहायचे. मुलींना गोंडा बंद केल्याचे दुःख झाले. त्यांना शाळकरी मुलांच्या टोप्यांवर गोंडे करण्याची मोकळीक दिली, तेथे ते शोभतात. मेंढीचा प्रश्न उठलाच, आणि चार जणींनी लोकरीला हात लावणार नाही असे सांगितले. त्यांचा मान राखून त्यांना सुती लंगोट शिवण्यास दिले. त्या पोथीत पट्ट्या ठेवणाऱ्या आजीबाई मात्र लोकरीच्या बाजूच्या निघाल्या.

सौ.ने स्वतःचे काम वेगळे ठेवले होते. उपकेंद्रातील त्या एका बाईसाठी तिने तीन टोपडी विणली. २८, ३१ आणि ३४ सेंटिमीटर डोक्याच्या मापाची. बाळ कोणत्या वजनाचे होईल, कोणी सांगावे? नाडी नाही, गोंडा नाही, जाळीची नक्षी नाही. आतल्या बाजूस एकही धागा सुटा नाही, कारण बाळाच्या बोटाभोवती तो गुंडाळतो हे ताईंनी सांगितले होते. फक्त ताणले जाणारे दोन सुलट दोन उलट. रंग विटकरी, धुराने मळकट दिसणार नाही असा. पिवळी ओळ घालावी की नाही, यावर ती दोन दिवस थांबून राहिली. मग घातली. टोपडी धुऊन, सावलीत वाळवून, परतवाड्याच्या बसने पाठविली.

मार्चच्या शेवटी, वार्षिक हिशेबाच्या दिवसांत (नोकरी सुटली तरी ३१ मार्चची धडधड सुटत नाही), सकाळी दूरध्वनी वाजला. ताई रेघ मिळविण्यासाठी टेकडीवर चढून बोलत होत्या. वाऱ्याचा आवाज येत होता. मुलगी झाली होती. दोन किलो शंभर.

"मधलं बसलं, काकू," त्या म्हणाल्या. "आईच्या छातीशीच आहे. आणि मोठं पण तयारच आहे, महिन्याभरात लागेल."

"आणि लहान?" सौ.ने विचारले.

"ते तिनं पेटीत ठेवलंय. निळ्याच्या शेजारी."